बारा आण्यांचा मसाला

'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण तयार झाली तेव्हा मोटारी नसाव्यात, नाहीतर ती हीटर कोअरवरूनच पडली असती. पार्ट पन्नास-साठ डॉलरचा आणि तो बदलण्याची मजुरी हजाराच्या घरात! इकडे मिनेसोटात थंडी सुरू झाली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "गॅरेजवाला म्हणतोय हीटर कोअर गेलाय. आता काय करू? गाडी काढून टाकू का?" दर वर्षी तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी माझं मत सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. एक, 'हीटर कोअर गेला' हे वाक्य सगळ्यात शेवटी म्हणायचं असतं, बाकीचं सगळं तपासून झाल्यावर. दोन, एकदा ते पुराव्यानिशी सिद्ध झालं की बर्फाच्या मुलखात चालढकल करायची नसते. आणि तीन, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: या कामाला जे हजार डॉलर पडतात ती मेकॅनिकची लूट नसते. ती गाडीच्या रचनेची किंमत असते, आणि ती रचना कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेली असते.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून कूलंट फिरत असतं. ते तापून साधारण ९० अंश सेल्सियसला पोचतं. त्याची बरीचशी उष्णता पुढचा रेडिएटर हवेत फेकून देतो. त्यातलंच थोडं गरम कूलंट दोन नळ्यांनी फायरवॉल ओलांडून (म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्या मधली पत्र्याची भिंत) डॅशबोर्डच्या मागे येतं. तिथे एका प्लॅस्टिकच्या डब्यात एक पिटुकला रेडिएटर असतो, जाडजूड दिवाळी अंकाएवढा. तोच हीटर कोअर. त्याच्यावरून पंखा हवा सोडतो आणि आपल्याला ऊब मिळते. फुकटची ऊब! नाहीतरी वाया जाणारीच उष्णता ती. मला तर मोटारीतली ही सगळ्यात काटकसरी, मध्यमवर्गीय सोय वाटते.

हा कोअर गळायला लागला की काय होतं? गाडीत गोडसर वास येतो. काकवी जरा जास्त उकळल्यासारखा. काचेच्या आतल्या बाजूला चिकट धुकं धरतं, फडक्याने पुसलं की आणखीनच पसरतं. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं होतं. रिझर्व्हॉयरमधलं कूलंट आठवड्या-आठवड्याला कमी होतं आणि गाडीखाली मात्र एक थेंबही दिसत नाही. यातली काचेची गोष्ट सगळ्यात वाईट. काच स्वच्छ करायला आपण डीफ्रॉस्टर लावतो, आणि डीफ्रॉस्टरची हवा त्याच गळक्या कोअरवरून येत असल्याने धुकं उलट वाढतं. कुंपणानेच शेत खावं तसं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्या चिकट थरावर फुटले की पुढचा रस्ता दिसेनासा होतो.

पण थांबा. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशाचंही असू शकतं, आणि घोटाळा होतो तो इथेच.

दोनेक वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नागपूरकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. दोन हजार डॉलरला घेतलेली जुनी गाडी. कार्पेट ओलंचिंब. गॅरेजने बघून सांगितलं होतं की हीटर कोअर गेला, साडेअकराशे डॉलर लागतील. पोराचा चेहरा उतरलेला. विद्यापीठातली नोकरी एका टोकाला, खोली दुसऱ्या टोकाला आणि मधे बसही धड नाही. "काका, भंगारात काढू का?" म्हणाला.

आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, रिझर्व्हॉयरवर कूलंटच्या पातळीला चिकटपट्टी लावली आणि आठवडाभर गाडी चालवली. पातळी तसूभरही हलली नाही. दुसरी, ओल्या कार्पेटवर पांढरा पेपर टॉवेल दाबून धरला. रंग नाही, वास नाही, बोटांना बुळबुळीतपणा नाही. म्हणजे साधं पाणी. तिसरी, समोरच्या काचेच्या पायथ्याशी जिथे वायपर असतात तिथे तांब्याने पाणी ओतत राहिलो. दोन मिनिटांत आत टपटप सुरू! काचेखालच्या पन्हाळीत मेपलची पानं कुजून तिचं भोक बुजलं होतं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी आत येत होतं. हाताने पानं काढली, तार घालून भोक मोकळं केलं. खर्च शून्य. कार्पेट वाळायलाच काय ते चार दिवस लागले.

रोग रेड्याला, औषध पखालीला म्हणतात ते हेच. त्याने साडेअकराशे डॉलर भरले असते, नवाकोरा कोअर बसला असता आणि पुढच्या पावसात कार्पेट पुन्हा ओलं झालं असतं.

आता यात गॅरेजवाल्याला चोर म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. कारण आपणच असे आहोत की पार्टचे पैसे निमूटपणे देतो आणि निदानाचे पैसे मागितले की कुरकुरतो. "नुसतं बघायचे शंभर डॉलर?" असं आपणच म्हणतो ना? मग तो बिचारा बघत नाही, अंदाज करतो. डॉक्टरकडे गेल्यावर आपण रक्त तपासल्याचे पैसे देतो की नाही? तसंच हे. माझा साधा नियम आहे: डॅशबोर्ड उतरवायला परवानगी देण्याआधी प्रेशर टेस्ट करून दाखवायला सांगा आणि त्याचे पैसे खुशीने द्या. शंभर डॉलरच्या निदानाने हजाराचा खर्च वाचू शकतो. आणि वाचला नाही तरी हजार डॉलर योग्य जागी पडताहेत याची खात्री होते.

उन्हाळ्यात कार्पेट ओलं झालं तर पहिला संशय एसीच्या पाण्याचा घ्यावा. एसीमुळे साठलेलं पाणी बाहेर जाण्याची नळी तुंबली की ते आत येतं. कूलंट खरोखर कमी होत असेल तर इंजिनच्या बाजूला फायरवॉलपाशी त्या दोन नळ्यांचे जोड आणि क्लॅम्प आधी बघावेत. कधी दोन डॉलरचा क्लॅम्पच सैल झालेला असतो. एक्झॉस्टमधून इंजिन तापल्यावरही सतत पांढरा, गोडूस धूर येत असेल तर गोष्ट हेड गॅस्केटची असू शकते, आणि ते दुखणं हीटर कोअरपेक्षा कितीतरी मोठं. हीटरमधून गार हवा येते म्हणजे कोअर गळतोय, असंही नव्हे. दोन्ही नळ्यांना हात लावून बघा (जपून, भाजतं!). एक गरम आणि दुसरी गार असेल तर कोअर बहुधा तुंबलाय. दोन्ही गरम असूनही हवा गार असेल तर आतली हवा वळवणारी झडप अडकलेली असणार. दोन्ही कोमटच राहत असतील तर थर्मोस्टॅट किंवा कमी झालेलं कूलंट बघावं.

माझ्या स्वतःच्या सोळा वर्षं जुन्या सेदानला मात्र खरोखरच ते झालं. ऑक्टोबरात कूलंट दर आठवड्याला बोटभर कमी व्हायला लागलं. खाली थेंब नाही, धूर नाही, पण गाडीत शिरलं की तो वास. इथे पार्टच्या दुकानांतून अनामत रक्कम ठेवून हत्यारं घरी नेता येतात. तिथून प्रेशर टेस्टर आणला. हा म्हणजे सायकलच्या पंपासारखा एक पंप आणि त्यावर काटा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची. माझ्या गाडीला १५ पीएसआय. त्याहून जास्त भरायची नाही, नाहीतर धड असलेलंही फाटायचं. दहा मिनिटांत काटा ११ वर आला. इंजिनच्या बाजूला सगळं कोरडं. आणि डॅशबोर्डखालच्या डब्याच्या निचऱ्याच्या नळीतून हिरवा थेंब, मग दुसरा, मग तिसरा. आता म्हणायला हरकत नव्हती: हीटर कोअर गेला.

यापुढे तीन वाटा असतात. पहिली, गळती बुजवणारं औषध रेडिएटरमध्ये ओतायचं. मला ते पटत नाही. ते भोक आणि धड नळी यांत फरक करत नाही, आणि कोअरच्या नळ्या तर आधीच बारीक. गळती थांबली तरी हीटर तुंबायचा आणि वर रेडिएटरही. गाडी महिनाभरात विकून टाकायचीय असा विचार असेल तर पुढच्या मालकाला ते सांगायची तयारी ठेवा.

दुसरी वाट बायपासची. फायरवॉलच्या अलीकडेच दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकायच्या. कोअरमध्ये कूलंट जाणारच नाही, मग गळणार कुठून? अर्ध्या तासाचं काम. पुण्यात माझ्या आत्येभावाच्या गाडीला हेच करून दिलंय आणि ते अगदी योग्य केलंय. पुण्यात हीटर कोण लावतो? पावसाळ्यात काच धुरकटली तर एसीने भागतं. पण इथे उणे २० अंशांत पहाटे ऑफिसला निघायचं असतं तेव्हा हीटर म्हणजे चैन नव्हे. आपल्याच श्वासाची वाफ काचेवर गोठते! अमेरिकेत गाडीला काच स्वच्छ ठेवणारी यंत्रणा असलीच पाहिजे असं केंद्रीय सुरक्षा मानक आहे, १०३ क्रमांकाचं, आणि ते १९६८ पासूनचं. ब्रेक आणि दिव्यांच्या पंगतीत डीफ्रॉस्टर बसतो तो उगाच नाही. त्यामुळे "हिवाळा बायपासवर काढतो, उन्हाळ्यात बघू" असं कुणी म्हणालं की मी म्हणतो, नेमकं उलट करा. उन्हाळा हवा तर बायपासवर काढा, पण पहिल्या बर्फाच्या आत काम उरका.

आणि तसंच गळतं ठेवून चालवायचं, हा तर पर्यायच नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. शरीरात गेल्यावर यकृतात त्याची आम्लं होतात आणि ती मूत्रपिंडं निकामी करतात. चव गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं आणि लहान मुलं फसतात. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या उत्पादकांनी त्यात कडू द्रव्य मिसळायचं आपणहून मान्य केलं. पण कडू झालं म्हणून विषाचं अमृत होत नाही. कूलंट आहे का पाणी हे बोटाला लावून चाखून बघणारे महाभाग अजूनही भेटतात. कृपा करून तसं करू नका. पेपर टॉवेल स्वस्त असतो.

तिसरी वाट म्हणजे बदलणं. मी आणि एक मित्र, असे आम्ही शनिवार-रविवार लागलो. माझ्या गाडीत एसीच्या नळ्याही त्याच डब्यात जातात, म्हणून आधी गॅरेजमध्ये जाऊन त्यातला वायू यंत्राने काढून घेतला. तो हवेत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी सोडू नयेच. मग बॅटरी सोडवली आणि एअरबॅगसाठी पुस्तकात दिलेला वेळ थांबलो. कूलंट काढून झाकणाच्या डब्यात भरलं. ग्लोव्ह बॉक्स, रेडिओ, मधला कन्सोल, स्टिअरिंगचा दांडा खाली, मग अख्खा डॅशबोर्ड. प्रत्येक पायरीचा फोटो, आणि प्रत्येक जागचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून वर नाव. वहिनींनी चहा आणताना गाडीत डोकावून "ही परत गाडी होणारे का?" असं विचारलं.

झाली. रविवारी संध्याकाळी झाली. डब्यातून कोअर बाहेर काढला तर एका कोपऱ्यात पांढरी-हिरवी खपली, बस. वजन किलोभरही नाही. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणजे काय ते त्या दिवशी हातात धरून पाहिलं. डोंगर पोखरलाच होता म्हणून नळ्या, क्लॅम्प, रबरी रिंगा, थर्मोस्टॅट असं सगळं नवीन घातलं. या कामात हेच शहाणपण. दहा डॉलरच्या रिंगेसाठी डॅशबोर्ड पुन्हा कोण उतरवणार? मग निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, दोन्ही नळ्या सारख्या तापेपर्यंत आतली हवा काढली. एसी पुन्हा भरून घेण्यासकट पावणेतीनशे डॉलर आणि दोन दिवस.

म्हणून प्रत्येकाने घरी करावं असं माझं म्हणणं नाही. जागा, हत्यारं, दोन दिवस आणि चहा आणणाऱ्या वहिनी नसतील तर गॅरेजला द्या. पण हे केल्यावर एक कळलं, की त्या मजुरीतला तास न् तास खरा असतो. मेकॅनिक महाग नाही, रचना महाग आहे.

आणि ती तशीच असायला हवी असं अजिबात नाही. १९३० च्या दशकात हीटर ही वरून बसवायची वस्तू होती. डॅशबोर्डखाली लटकलेला डबा, चार बोल्ट सोडले की हातात. १९३८ मध्ये नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा घेऊन गरम करणारी व्यवस्था आणली. १९५४ मध्ये त्यांनीच हीटर, हवा आणि एसी एकत्र आणले. सोय वाढली, पण सोयीबरोबर कोअरही खोल खोल गेला. पुढे डॅशबोर्ड बाहेरच जुळवून अख्खाच्या अख्खा गाडीत बसवायची पद्धत आली. कारखान्यात ते सोपं, पंधरा वर्षांनी ज्याला उघडायचंय त्याच्या नशिबी डोंगर. पण त्याच काळात, १९८० ते १९९६ च्या फोर्ड एफ मालिकेच्या पिकअपमध्ये ग्लोव्ह बॉक्स बाजूला केला की कोअरचं झाकण समोर दिसतं. काही स्क्रू काढा, कोअर बदला, तासाभरात चहाला मोकळे! म्हणजे जमतं. कुणीतरी मनावर घेतलं तर जमतं.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटारींसाठी त्याचा कायदा मंजूर केला, २०२० मध्ये तो आणखी वाढवला. भारतातही ग्राहक खात्याने २०२२ च्या डिसेंबरात राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच आहे. पण हे सगळं मुख्यतः माहिती, पार्ट आणि कोड मिळण्याबद्दल आहे. मला कोड मिळाले, पार्ट मिळाला, पुस्तकही मिळालं. नाही मिळाली ती हात घालायला जागा! फ्रान्सने २०२१ पासून फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे दहापैकी गुण छापायला लावले. मोटारींना असं का नको? नव्या गाडीच्या काचेवर मायलेजचा कागद असतोच. त्याच्या शेजारी आणखी सात ओळी छापा: हीटर कोअर, पाण्याचा पंप, स्टार्टर, अल्टरनेटर, दिव्याचा बल्ब वगैरे बदलायला किती तास लागतात. बस, एवढंच. कोंबडी घेतानाच मसाल्याचा भाव कळू दे. मग बघा, दहा वर्षांत कोअर आपोआप वर येतो की नाही!

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. कोअर आतून सडतो तो बहुतेक वेळा जुन्या कूलंटमुळे. त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात, पाणी मात्र तसंच राहतं. जुन्या हिरव्या कूलंटला दोन वर्षं आणि नव्या लाँग-लाइफ प्रकारांना साधारण पाच, ही मुदत पाळली तरी पुष्कळ झालं. भारतातल्या मंडळींना एक खास विनंती: फियाट-अ‍ॅम्बॅसॅडरच्या दिवसांपासून आपल्याला रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. तुम्ही हीटर कधीच लावत नसलात तरी बहुतेक गाड्यांत त्या कोअरमधून तेच पाणी फिरत असतं. त्यातले क्षार ॲल्युमिनियमला सोसत नाहीत.

असो. बरंच लांबलं. पुढच्या वेळी जुनी असो वा नवी, गाडी बघायला जाल तेव्हा टायर आणि रंग बघाच. पण विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा, "हिचा हीटर कोअर काढायला काय काय काढावं लागतं हो?" त्याला उत्तर येणार नाही. तुम्ही मात्र गाडी घेण्याआधी ते शोधून काढा.